उजव्या हेडलाइटवरचं ‘शुभ लाभ’

मला फसवलं ते गाड्यांच्या शोरूममधल्या विक्री व्यवस्थापकाने. भर दुपारी, चार लोकांसमोर, हातात नारळ घेऊन. आणि फसवणूक पूर्ण झाली तेव्हा मी टाळ्या वाजवत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात या प्रकरणावर दुसरंही एक मत आहे, आणि ते मत हल्ली रोज संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन शीळ घालत दारातून आत येतं.

मी पैठण्या विकते. दुकान नाही. नाशिकच्या घराची पुढची खोली, एक गादी, तिच्यावर पांढरी चादर आणि दोन कपाटं, एवढाच पसारा. येवल्याला जायचं, विणकराच्या घरी मागाशेजारी बसकण मारायची, पदर उलटा करून बघायचा, भाव करायचा, पुन्हा भाव करायचा आणि माल घेऊन परत यायचं. सुरुवातीला एसटीने जायचे. येताना गाठोडं मांडीवर घेऊन बसायचे, आणि शेजारच्या बाईने पाय लांब केले की तिच्याशी भांडायचे. पुढे धंदा वाढला, गाठोडी वाढली, भांडणं वाढली, तेव्हा गाडी घेतली. स्वतःच्या कमाईची. पांढरी, उंच, आणि पुढे दोन असे लांबट, तिरपे हेडलाइट, की जणू गाडीच कुणाशी तरी भाव करायला निघाली आहे.

भाव करण्याची माझी एक रीत आहे. ती मी माझ्या गिऱ्हाइकांकडूनच शिकले. नवरीची आई दोन तास साड्या बघते, भाव पाडते, ठरवते, सगळं गोड होतं. मी साडीला हळदकुंकू लावून तिच्या हातात देणार, नेमकी त्या क्षणी ती म्हणते, “ब्लाउजपीस तेवढं वेगळं द्या हं.” आता कुंकवाचं बोट हवेत असताना कोण नाही म्हणेल? कुणी नाही. म्हणून शेवटची मागणी नेहमी शुभ क्षणाला करायची. शुभ क्षणी समोरच्या माणसाची जीभ बांधलेली असते.

आमचे हे बरोबर उलटे. सातपूरच्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर उभे राहिले, केसाएवढा फरक चालायचा नाही, आणि तो बाणा बाजारातही पाळतात. भाजीवालीने वीस म्हटले की वीस. “तिने सांगितला तो भाव,” असं म्हणतात, जणू तो ड्रॉइंगवर छापलेला आहे. भाजीबाजारात यांना येताना बघून बायका एकमेकींना कोपराने खुणावतात. म्हणून लग्नानंतर लवकरच मी पिशवी यांच्या हातून काढून घेतली, ती कायमची.

तर गाडी घेतली तो दिवस. शोरूममध्ये गाडीवर लाल सॅटीनचं कापड, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, सनई स्पीकरवर. त्याआधी आत काचेच्या खोलीत दीड तास मी आणि तो विक्री व्यवस्थापक समोरासमोर बसलो होतो. माणूस गोड होता, ते मान्य करते. मी एक बोलले की तो “बरोबर आहे तुमचं, मॅडम” म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही. असा माणूस मला आवडतो. त्याच्याशी भांडण्यात जीव रमतो.

सगळं ठरल्यावर त्याने एक्स्टेंडेड वॉरंटीचा विषय काढला.

“मॅडम, कंपनीची वॉरंटी संपली की खरी गंमत सुरू होते. आता हे हेडलाइटच बघा. पूर्वी बल्ब गेला की बल्ब बदलायचा. आता आख्खा दिवा एकसंध येतो. आत इलेक्ट्रॉनिक्स. एक दिवा गेला ना, तर सांगतो, एक चांगली पैठणी गेली समजा.”

माझ्या धंद्याची उपमा माझ्याच तोंडावर मारली! मला तिथेच कळायला हवं होतं की हा माणूस साधा नाही.

शेजारी बसलेल्या यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. “घेऊ नकोस. मशीन चांगलं असेल तर चालेल, नसेल तर हे लोक पळवाट काढतील.”

“तुम्ही गप्प बसा,” मी म्हटलं. “आणि पैज लावते. दिवा गेला आणि वॉरंटी कामाला नाही आली, तर पिशवी तुमची. वर्षभर घरची भाजी तुम्ही आणायची, मी चकार शब्द काढणार नाही.”

यांचा चेहरा उजळला. हे मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

वॉरंटी मी निम्म्याहून थोड्या जास्त किमतीत पाडून घेतली. व्यवस्थापकाने रुमालाने कपाळ पुसलं. मग आम्ही गाडीपाशी गेलो. कापड ओढलं, सनई वाढली. एक मुलगी मोबाइलवर व्हिडिओ काढू लागली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक झालं, चाकाखाली लिंबू ठेवलं, पुढे एक पेव्हर ब्लॉक आणून मांडला आणि माझ्या हातात नारळ दिला.

शुभ क्षण!

“मॅट?” मी म्हटलं.

“काय, मॅडम?”

“गाडीतले पायाखालचे मॅट. ते फुकट ना?”

“मॅडम, मॅट ॲक्सेसरीत येतात.”

“मग नारळही ॲक्सेसरीतच येतो वाटतं?” असं म्हणून मी नारळ त्याच्या हातात परत ठेवला.

मागे पुढची गाडी घेणारं कुटुंब हार घेऊन उभं. त्यांच्यातले आजोबा घड्याळ दाखवत ओरडायला लागले, “अहो, मुहूर्त चाललाय आमचा!” मी जागची हलले नाही. शेवटी व्यवस्थापक म्हणाला, “घ्या मॅट! घ्या, मॅडम!” आणि घाईघाईने त्याने स्वतःच नारळ डोक्याच्या वर उचलला आणि ब्लॉकवर असा आपटला की ज्याचं नाव ते. या गृहस्थाने जन्मात नारळ फोडला नव्हता. पाण्याचा फवारा माझ्या साडीवर. नारळाची एक वाटी खाली राहिली, दुसरी उडाली आणि थेट गाडीच्या उजव्या हेडलाइटवर जाऊन आदळली. ठक्क!

 मग व्यवस्थापक दोन्ही हात वर करून म्हणाला, “वा! लक्ष्मी स्वतः जाऊन गाडीला भेटली!” आणि टाळ्या सुरू केल्या. आजोबांनी वाजवल्या, त्यांच्या सुनेने वाजवल्या. मी मॅट मिळाल्याच्या आनंदात होते, मीही वाजवल्या. तेवढ्यात त्याने खिशातून एक लाल स्टिकर काढला, सोनेरी अक्षरांत ‘शुभ लाभ’, आणि उजव्या हेडलाइटच्या खालच्या कोपऱ्यावर तळहाताने दाबून दाबून चिकटवला. “दृष्ट लागायला नको, मॅडम.”

मला ते फार आवडलं. मी घरी येताना म्हटलंसुद्धा, “बघा, माणूस धंदेवाईक आहे, पण संस्कार आहेत.”

पूजेच्या वेळी लावलेली वस्तू आपण काढत नाही. गाडी धुणारा एकदा ते नखाने खरवडायला लागला, त्याला मी असं झापलं की तो आठवडाभर मागच्या दारानेही आला नाही. दर दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचा आणि त्या ‘शुभ लाभ’ला वेगळं कुंकू. माझ्या हाताने.

मधली वर्षं छान गेली. वॉरंटी मुळीच कामाला आली नाही असंही म्हणणार नाही. एकदा मागच्या खिडकीची काच खाली गेली ती वर येईना, ते काम फुकट झालं. त्या दिवशी मी यांच्यासाठी मुद्दाम गोड केलं होतं, आणि प्रत्येक घासाला “वॉरंटीत झालं हं” असं वाढलं होतं. हे म्हणाले, “खिडकी म्हणजे काय दिवा नव्हे.” या वाक्याकडेही मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मग यंदाचा पावसाळा संपता संपता उजव्या हेडलाइटच्या आत वाफ धरायला लागली. आधी बारीक दव, मग थेंब, मग तळाला चक्क पाणी. मासे सोडावेत असं. आणि तुळशीचं लग्न उरकून लग्नसराई सुरू झाली, तसा एका संध्याकाळी येवल्यातच तो दिवा कायमचा मिटला.

माझा नेहमीचा विणकर दारापर्यंत सोडायला आला होता. गाडी चालू केली तसा तो हसायला लागला.

“ताई, गाडीनं डोळा मारला की तुमच्या.”

“मारू दे. साडीचा भाव ठरलाय, आता वाढवून मिळणार नाही.”

“नाय, भाव राहू द्या. पन अंधार पडायच्या आत निघा. ह्या रस्त्याला कांद्याचे ट्रॅक्टर लय असतात.”

लय असतात म्हणजे, एक तर माझ्याच अंगावर आला. एका दिव्याची गाडी बघून त्याला वाटलं मोटरसायकल आहे, म्हणून तो माझ्या बाजूचा निम्मा रस्ता अडवून निवांत पुढे आला. मी हॉर्न वाजवला, त्याने वाजवला, मी शिव्या दिल्या, त्याने दिल्या. त्याच्या ट्रॉलीतून दोनचार कांदे माझ्या बॉनेटवर पडले. एक मी ठेवून घेतला. घरी येऊन सांगितलं तर यांनी फर्मान काढलं: दिवा नीट होईपर्यंत दिवेलागणीनंतर गाडी काढायची नाही.

ऐन लग्नसराईत! येवल्याहून दिवसाउजेडी परतायचं म्हणजे विणकराकडून निम्म्या साड्या न बघताच उठायचं.

“दिवा काय,” मी म्हटलं, “उद्या वॉरंटीत होईल. एक पैसा लागणार नाही.”

“बघू,” हे म्हणाले, आणि दारामागे टांगलेल्या भाजीच्या पिशवीकडे त्यांनी असं पाहिलं, जसा मुलगा मुंजीच्या लाडवांकडे बघतो.

सर्व्हिस सेंटरला आम्ही दोघे गेलो. तिथे टॅब घेऊन एक बाई असते, गाडी बघून काय काय करायचं ते तीच ठरवते. शांत, हसतमुख, केस घट्ट बांधलेले. तिने टॉर्च मारून दिवा बघितला आणि नव्या दिव्याची किंमत सांगितली. त्या व्यवस्थापकाने सांगितलं होतं ते खरं होतं. चांगली पैठणी. दोन्ही अंगांनी मोर असलेली.

“वॉरंटी आहे,” मी म्हटलं.

“आहे ना, मॅडम. पण हे बघा, स्टिकरच्या कडेला काचेवर तडा दिसतोय. तिथून पाणी गेलंय. दगड उडून लागला असेल. बाहेरचा मार वॉरंटीत येत नाही.”

“कुठला दगड?”

“रस्त्यावरचा.”

माझं डोकं तापलं. पण तापलं की ते चांगलं चालतं, हा माझा अनुभव आहे. मी दिव्यापुढे उकिडवी बसले आणि इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता तो ‘शुभ लाभ’चा स्टिकर नखाने हळूहळू सोलला. खाली तडा होता. केसासारखा, पण चांगला बोटभर, मधोमध तारा फुटल्यासारखा.

“या इकडे,” मी त्या बाईला म्हटलं. “हा स्टिकर बघा. कुठे फाटलाय?”

“नाही फाटला.”

“खरचटलाय?”

“नाही.”

“मग दगड स्टिकर उचलून आत शिरला, काचेला मारलं आणि जाताना स्टिकर परत चिकटवून गेला? असा सुसंस्कृत दगड नाशिकच्या कुठल्या रस्त्यावर मिळतो, मला दाखवा. मी त्याला घरी नेऊन पूजते.”

सोफ्यावर गाडीची वाट बघत बसलेले लोक उठून आमच्याभोवती जमले. एक काका म्हणाले, “बाई बरोबर बोलतायत.” दुसरा म्हणाला, “स्टिकर कधी लावला, ते विचारा.” मी म्हटलं, “गाडी ताब्यात मिळायच्या आधी, तुमच्याच शोरूममध्ये, तुमच्याच माणसाने! म्हणजे तडा त्याच्याही आधीचा. म्हणजे गाडी रस्त्यावर यायच्या आधीचा!”

ती बाई विचारात पडली. टॅबवर बोट फिरवलं, स्टिकर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग, अहाहा, मग ती म्हणाली, “तसं असेल तर मॅडम, हा कंपनीतूनच आलेला दोष धरता येईल. मी फोटो पाठवून विचारते. मला वाटतं होऊन जाईल.”

काकांनी टाळी दिली. मला तर नाचावंसं वाटलं. इतक्या लोकांसमोर, भाव न करता, नुसत्या अकलेवर जिंकणं! मी वळून यांच्याकडे पाहिलं. हे त्या बाईकडून घेतलेला स्टिकर निरखत होते, लेथवरचा नग निरखावा तसे. आणि मग शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“अगं, तो नारळ आठवतो का?”

मला आठवला. ठक्क! सगळा आठवला. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे फक्त तो गोड माणूस होता, खिशातून स्टिकर काढणारा, तळहाताने दाबून दाबून चिकटवणारा. दृष्ट लागायला नको म्हणे! तडा दिसायला नको!

“त्याने फोडला!” मी ओरडले. “तुमच्या व्यवस्थापकाने! पुरावा आहे!” फोनमध्ये शोरूमने पाठवलेला व्हिडिओ होता. मी तो सगळ्यांना लावून दाखवला. त्यात मी संथ गतीत तोंड वासून मॅट मागते आहे, माझ्यावर कुणीतरी गुलाबाच्या पाकळ्या पडताना दाखवल्या आहेत, मागे सनई. लोक हसून हसून वाकले. मीही हसले, खोटं कशाला बोलू? एरवी मी भांडताना कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. फारच छान दिसते. आणि पाकळ्यांच्या मधून स्पष्ट, नारळाची वाटी उडते, दिव्याला लागते, आणि तो गृहस्थ टाळ्या वाजवत येऊन स्टिकर लावतो.

“बघा!” मी म्हटलं. “आता बोला.”

त्या बाईने व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला. तिचं हसू गेलं नव्हतं, पण बदललं होतं.

“मॅडम, हे तर स्पष्टच झालं. नारळ लागला.”

“मग?”

“नारळ म्हणजे बाहेरचा मार.”

 काका हळूच सोफ्याकडे परत गेले.

“पण तुमच्याच माणसाने मारला!”

“तो शोरूमचा प्रश्न आहे, मॅडम. वॉरंटी कंपनीची असते. तुम्ही विम्यात टाकू शकता. घटना कधीची लिहू?”

“गाडी घेतली त्या दिवसाची.”

“त्या वर्षाची पॉलिसी तर कधीच संपली.”

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी वर छताकडे पाहिलं. यांना हे बोलण्याची त्याच क्षणी का बुद्धी झाली, याचा छडा मला अजून लागलेला नाही. विचारलं की म्हणतात, “खरं ते सांगितलं.” आयुष्यात केसाएवढा फरक चालवून न घेणारा माणूस, पण चेहऱ्यावर जे होतं ते खरं बोलणाऱ्याचं समाधान नव्हतं. ते भाजीचं होतं.

दिवा मी नवा बसवला. मजुरी माफ करून घेतली, गाडी धुऊन घेतली, आणि जुना दिवा परत मागून घेतला, कारण बदललेला भाग दुकानात सोडून येणाऱ्यांतली मी नाही. तो आता पुढच्या खोलीत साड्यांच्या कपाटावर ठेवला आहे. येणाऱ्या बायका विचारतात, मी सांगते, आणि सगळ्या शेवटी एकच विचारतात: “मग ताई, ती वॉरंटी घ्यावी की नाही?”

मी सांगते ते असं. गाडीच्या पोटात जे आहे त्याच्यासाठी घ्यायला हरकत नाही. गाडीच्या तोंडावर जे आहे त्याच्यासाठी तिचा भरवसा धरू नका. विकणारा नेहमी काय काय मिळेल ते सांगतो. त्याला म्हणावं, ते राहू दे, काय मिळणार नाही तेवढं बोल. मी पैठणीला हमी देते ती तोंडी. जरीची तार काळी पडली तर साडी परत घेते. बाहेरचा मार की आतला, हे मी विचारत नाही. एकीने तर जेवणाच्या पंक्तीत साडीवर आमटी सांडून घेतली होती. तिलाही मी परत पाठवलं नाही. अर्धा तास भांडले, ती गोष्ट वेगळी.

त्या व्यवस्थापकाची दुसऱ्या गावी बदली झाली आहे. शोरूमवाल्यांना मी इतकं पिडलं की त्यांनी त्याला फोन लावून दिला. “मॅडम! कशा आहात? गाडी मजेत ना?” तोच गोडवा. मी नारळाचं सांगितलं. तो म्हणाला, “बरोबर आहे तुमचं, मॅडम. पण नारळ तर शुभच असतो ना?” आणि पुढे आवाज तुटायला लागला, बोगद्यात शिरल्यासारखा. पुन्हा लावला तर उचलला नाही.

इकडे पैजेचं वर्ष सुरू झालं आहे. मी बोलले ते बोलले, शब्दावरून मागे हटत नाही. हे रोज संध्याकाळी पिशवी घेऊन निघतात. भाजीवाल्या लांबूनच हात करतात, “या बाबा, या!” यांच्यासाठी एकीने बसायला पोतं अंथरून ठेवलं आहे म्हणे. काल मेथीची जुडी सांगितल्या भावाने आली, तीही ओली, पाणी मारून जड केलेली. आज तर कहर झाला. पिशवीतून कढीपत्ता निघाला.

“हा तिने वर टाकला ना?” मी विचारलं.

“नाही, विकत घेतला. तिने भाव सांगितला.”

कढीपत्ता! विकत! नाशिकसारख्या गावात, जिथे कोथिंबिरीबरोबर तो आपोआप पिशवीत येऊन पडतो!

आता मला हेडलाइटचे पैसे नकोत. मॅटही तो व्यवस्थापक परत मागत असेल तर नेऊ दे, झाडून ठेवले आहेत. पण त्याने एकदा माझ्या पुढच्या खोलीत यावं, गादीवर बसावं, समोर तो तडा गेलेला दिवा आणि शेजारी ही कढीपत्त्याची काडी ठेवीन, आणि माझ्या डोळ्यांत बघून त्याने सांगावं की तडा त्याने त्याच दिवशी पाहिला होता. चहा मी देईन. नारळही मी आणून ठेवीन. पण या कढीपत्त्याचं उत्तर मला त्याच्याकडूनच हवं आहे, आणि ते मिळेपर्यंत मी त्याला सोडणार नाही.